या झाडाचं कुणी आहे का?

राजे लोक अजून वेशीपर्यंत पायी चालत जायचे, त्या काळची ही गोष्ट. बाळांनो, तुम्ही तर ऐकाच, पण तुमच्या आईवडिलांनाही जवळ बसवा, कारण या गोष्टीतली चूक त्यांच्याच वयाच्या माणसांनी केली होती.

एका उघड्याबोडक्या माळावर एक नगर होतं. चैत्र लागला की तिथले दगड तापायचे आणि वैशाखात पाखरंसुद्धा दुपारचं उडायचं टाळायची. पण वेशीतून आत शिरलं की माणसाचा जीव भांड्यात पडायचा. वेशीपासून राजवाड्यापर्यंत जाणारा एकच मोठा रस्ता होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना चौसष्ट झाडं उभी होती. चिंच, कडुनिंब, पिंपळ, करंज, शिरीष, आणि अगदी शेवटी राजवाड्यासमोर एक वड. त्यांचे शेंडे वर एकमेकांत इतके गुंतले होते की वेशीपाशी झाडावर चढलेली खार जमिनीला पाय न लावता राजवाड्यात पोचायची. आल्यागेल्या पाहुण्याला लोक ही गोष्ट मान ताठ करून सांगायचे. खारीच्या प्रवासाचा माणसांना इतका अभिमान का, हे मला कधी कळलं नाही, पण होता खरा.

ही झाडं आपोआप उगवली नव्हती. त्या माळावर आपोआप फक्त कुसळं उगवायची. नगर वसवणाऱ्या पहिल्या माणसांनी घराचा पाया खणायच्या आधी दारासमोर एकेक रोप लावलं होतं, आणि लांबच्या ओढ्यावरून कावडीने पाणी आणून ते जगवलं होतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्या झाडाच्या सावलीत बसायला मिळालं नाही. बसली ती त्यांची नातवंडं.

म्हणून त्या नगरात एक रीत पडली होती. पाडव्याला गुढी उभी राहिली की प्रत्येक घरातली माणसं दारातल्या झाडाच्या बुंध्याला गेरूचा आणि चुन्याचा पट्टा ओढायची. वाळवी लागू नये म्हणून तर तो असायचाच. पण त्याचा खरा अर्थ असा, की हे झाड यंदाही आमचं आहे. त्याला पाणी आम्ही घालू, त्याची वाळवी आम्ही काढू, आणि त्याच्यात कुणी खिळा ठोकला तर भांडायलाही आम्हीच येऊ. पट्टा असलेल्या झाडाला कुऱ्हाड लावायचा अधिकार राजालाही नव्हता. राजाच्या पणजोबांनीच तसं वेशीच्या दगडावर कोरून ठेवलं होतं.

एखादं झाड वठलं, तर घरातली माणसं त्या पाडव्याला पट्टा ओढत नसत. अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघत आणि मग लाकूडतोड्यांना बोलावत. लाकूडतोड्यांचीही आपली एक रीत होती. कुऱ्हाड उचलायच्या आधी त्यांचा मुखिया झाडाखाली उभा राहायचा आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा विचारायचा, "ह्या झाडाचं कुनी हाय का?"

कुणी "मी आहे" म्हणालं, तर कुऱ्हाड परत खांद्यावर जायची. तीनदा विचारूनही कुणी बोललं नाही, तर मग झाड पाडायचं. अट एकच होती. विचारणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायचं नाही. ती नसती तर त्या लाकूडतोड्यांनी जन्मात एक झाड पाडलं नसतं, इतके ते झाडांचे वेडे होते.

या गोष्टीच्या वेळी त्यांचा मुखिया होता तुळाजी. साठीला आलेला, काटक, आणि आपल्या धंद्याबद्दल विलक्षण ताठ. तो म्हणायचा, लाकूड तोडायला मनगट लागतं, पण लाकूडतोड्या व्हायला कान लागतात. तीन वेळा विचारायचं आणि तीन वेळा ऐकायचं, हे त्याला बापाने शिकवलं होतं, बापाला आजाने.

आता राजाकडे वळू. राजा तरुण होता, मनाने वाईट नव्हता, पण नुकताच शेजारच्या राज्यात पाहुणा म्हणून जाऊन आला होता. तिथला राजरस्ता त्याने पाहिला. नदीच्या पात्रासारखा रुंद, दोरीसारखा सरळ, दोन्हीकडे दुमजली दगडी घरं. परत आल्यावर त्याला आपल्या रस्त्याची लाज वाटू लागली. रस्ता अरुंद, घरं जुनी, आणि वरून पाखरांची शिट. त्यातून शेजारचा राजा येता वैशाख सोडून त्याच्या पुढच्या वैशाखात परतभेटीला येणार होता.

राजाने लांबून एक नामांकित स्थपती बोलावला. घरं आणि रस्ते आखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने वेशीपासून राजवाड्यापर्यंत दोरी ताणली आणि सांगितलं, की जुनी घरं उतरवून नवी दुमजली बांधू, रस्ता तिप्पट रुंद करू, वेशीत उभ्या असलेल्या माणसाला थेट राजवाड्याचा दरवाजा दिसेल असं करू. फक्त ही झाडं मध्ये येतात.

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान हुशार होता, आणि हुशार माणूस वेशीवरचा दगड फोडायच्या भानगडीत पडत नाही. तो राजाला म्हणाला, की आपण झाडांना हातही लावायचा नाही, फक्त दवंडी पिटवायची.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. राजाकडून प्रत्येकाला नवं घर मिळणार आहे. आणि येत्या पाडव्याला जो आपल्या झाडाला पट्टा ओढणार नाही, त्याला घरापुढे चार हात जागा जास्त मिळेल, वर दगडी ओटाही बांधून मिळेल. सक्ती कुणावरही नाही.

आता तुम्हीच सांगा, नवं घर कुणाला नको असतं? भिंती पोपडे सोडत होत्या, छपरं गळत होती. लोकांना आनंद झाला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. प्रत्येकाने मनाशी एक विचार केला. चौसष्ट झाडांतलं माझं एक गेलं तर असं काय बिघडणार आहे? शेजाऱ्याचं आहेच की. त्याच्या झाडाची सावली माझ्या ओट्यावर पडेलच, आणि ओटा माझा असेल. हा विचार कुणी कुणाला बोलून दाखवला नाही. घरोघरी तो एकट्याने, हळू आवाजात केला गेला.

पाडवा उजाडला. गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंबाची पानं चावून तोंडं कडू झाली, आणि लोक सहज म्हणून दारात आले. आपल्या झाडाकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते शेजाऱ्याच्या झाडाकडे. ते कोरं होतं. मग त्याच्या पलीकडचं पाहिलं, तेही कोरं. लोकांनी वेशीपासून राजवाड्यापर्यंत नजर नेली. चौसष्ट बुंध्यांपैकी एकावरही पट्टा नव्हता. राजवाड्यासमोरच्या वडालाही नव्हता, कारण राजवाडाही शेवटी एक घरच होतं आणि तिथेही तोच विचार झाला होता. सगळे मूग गिळून परत आत गेले. त्या वर्षी पुरणपोळी कुणाला गोड लागली नाही, असं म्हणतात.

प्रधानाने तुळाजीला बोलावलं आणि अक्षय्य तृतीयेपासून कामाला लागायला सांगितलं. तुळाजी म्हणाला, की झाडं हिरवीगार आहेत आणि रीत वठलेल्या झाडांसाठी आहे. प्रधानाने विचारलं, दगडावर तसं कोरलेलं आहे का? तसं कोरलेलं नव्हतं. पणजोबांना वाटलं असेल, एवढं तर लोकांना कळेल.

तुळाजी नाही म्हणू शकला असता. तसं त्याच्या ओठावरही आलं होतं. पण त्याला प्रधान ठाऊक होता. आपण मागे हटलो की हा परमुलखातून लाकूडतोडे आणेल, आणि ते न विचारताच कुऱ्हाड घालतील. म्हणून त्याने एवढंच सांगितलं, "काम करतो. पर इचारल्याबिगर कुऱ्हाड उठायची न्हाई."

"विचार की," प्रधान म्हणाला. "जो उत्तर देईल त्याचा ओटा जाईल. मग बघू कोण बोलतं."

तुळाजी घरी आला आणि त्याने कुऱ्हाडीला धार लावली. धार लावताना आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम मुद्दाम बिघडवावं असं त्याच्या मनात येत होतं, पण हाताला बोथट धार लावता येईना.

अक्षय्य तृतीया आली. घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याचे घडे भरून ठेवले होते. ज्या पितरांनी कावडीने पाणी वाहून झाडं जगवली, त्यांनाच पाणी द्यायचा तो दिवस. त्याच सकाळी तुळाजी आपली आठ माणसं घेऊन वेशीपाशी आला. पहिलं झाड चिंचेचं होतं, नागोशेट कापडवाल्याच्या दारातलं. नागोशेटने सगळ्यांच्या आधी घाई करून नवा ओटा बांधून घेतला होता, काळ्या घडीव दगडाचा, थेट चिंचेच्या बुंध्याला भिडलेला.

"ह्या झाडाचं कुनी हाय का?"

नागोशेट दाराआड उभा होता. त्याने ऐकलं. रस्त्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. जो तो शेजाऱ्याच्या दाराकडे बघत होता. तुळाजीने दुसऱ्यांदा विचारलं आणि बराच वेळ थांबला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला. नागोशेटच्या तोंडापर्यंत शब्द आला होता, पण समोर ओटा होता. शब्द परत पोटात गेला.

मग तुळाजीने चिंचेला हात जोडले आणि पहिला घाव घातला.

चिंचेचं लाकूड चिवट असतं. दुपार झाली, उन्हं कलली, तेव्हा कुठे झाड कडकडलं आणि आडवं झालं. त्याबरोबर त्या रस्त्यावर ऊन पडलं. शंभरावर वर्षं जिथे ऊन कधी आलं नव्हतं तिथे ते आलं, आणि नागोशेटच्या दारातून थेट आत देवघरापर्यंत गेलं. चिंचेची एक जाड फांदी ओट्यावर येऊन पडली होती. दोन घटकांनी नागोशेट बाहेर आला आणि तिच्याकडे बघत राहिला. फांदीवर बोटभर खोल दोन घळी पडल्या होत्या. पाळण्याच्या दोऱ्यांनी पाडलेल्या. त्याच्या मुलांचा पाळणा तिथे बांधला होता, त्याचा स्वतःचा, त्याच्या बापाचा, त्याच्या आजाचाही. त्याने त्या घळीत अंगठा घातला आणि तो खाली बसला.

खाली बसला आणि लगेच उठला, कारण ओटा तव्यासारखा तापला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढताच गिऱ्हाईक आलं. बायका पातळं बघायला ओट्यावर टेकल्या आणि चटका बसून उभ्या राहिल्या. उभ्याउभ्या पातळ कोण निवडतं? त्या पुढच्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या आणि तिथून निघून गेल्या. नागोशेटने हिशेब केला होता, की शेजारच्या कडुनिंबाची सावली आपल्याला मिळेल. ती दुसऱ्याच अंगाला पडत होती. सावलीला माणसांचे हिशेब कळत नाहीत.

तेवढ्यात तुळाजी त्याच कडुनिंबाखाली येऊन उभा राहिला. बरोबर प्रधानही होता. काल कुणी बोललं नाही, आज तर कुणीच बोलणार नाही, अशी त्याची खात्री होती.

त्या कडुनिंबाखाली भिवरा बसायची. सुया, बिब्बे, फण्या आणि काळी पोत विकणारी म्हातारी. नगरात तिचं घर नव्हतं, त्यामुळे तिला ओटा मिळणार नव्हता, आणि पट्टा ओढायचा तर मान कधीच मिळाला नव्हता. चाळीस वर्षं ती त्या बुंध्याला टेकून बसली होती, आणि तिच्या पाठीने बुंधा तेवढ्या जागी गुळगुळीत झाला होता. ज्याच्या दारातलं ते झाड, तो तेली खिडकीतून डोकावत होता.

"ह्या झाडाचं कुनी हाय का?" तुळाजीने विचारलं.

भिवराने तेल्याच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी लागली. तिने आपल्या सुया टोपलीत भरल्या, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि कडुनिंबाला पाठ लावून उभी राहिली.

"मी हाय," ती म्हणाली.

प्रधान हसला. तो तिला म्हणाला, की बाई, तुला ना घर ना दार, या झाडावर तुझा हक्क कुठून आला?

"हक्क न्हाई मागत मी," भिवरा म्हणाली. "त्यानं इचारलं, झाडाचं कुनी हाय का. मी हाय. ह्याच्याबिगर मलाबी कुनी न्हाई."

प्रधान तुळाजीकडे वळला आणि हे उत्तर धरायचं नाही असं त्याने बजावलं. तुळाजीने कुऱ्हाड खांद्यावर टाकली होती. बापाच्या बापापासून चालत आलेला प्रश्न त्याने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला. त्यात घराचं नाव नव्हतं, जातीचं नव्हतं, ओट्याचं तर नव्हतंच. तो म्हणाला, "सरकार, झाडाचं मानूस हाय का, एवढंच आमी इचारतो. मानसाला घर हाय का, ते इचारत न्हाई. दगडावर तसं कोरल्यालं न्हाई."

प्रधानाचंच जुनं उत्तर आज त्याच्या पदरात पडलं. तो बाजूला सरकला.

तिसरं झाड करंजाचं होतं. ते पंतोजींच्या दारातलं. तुळाजीने तोंड उघडलं आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत मागून नागोशेट धावत आला. आयुष्यात कधी न धावलेला जाडजूड माणूस, धोतर सावरत, घामाने निथळत. त्याने करंजाच्या बुंध्याला मिठी मारली.

"मी आहे," तो म्हणाला. "माझं झाड होतं तेव्हा मी गप्प राहिलो. आता याचं मी आहे. ओटा घेऊन जा."

पंतोजी दार उघडून बाहेर आले. दुसऱ्याने आपल्या झाडाला मिठी मारलेली बघून त्यांना फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. ते म्हणाले, की झाड माझ्या खापरपणजोबांनी लावलंय, त्याचं मीच आहे, नागोशेटने बाजूला व्हावं. नागोशेट बाजूला होईना. शेवटी दोघं दोन बाजूंनी उभे राहिले. तेल्याची खिडकीही उघडली, मग दार उघडलं, आणि तो खाली मान घालून भिवराच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिने सरकून जागा दिली.

मग काय विचारता. त्या दिवशी त्या रस्त्यावर जे झालं ते बघायला मी असायला हवं होतं असं मला अजून वाटतं. दारं उघडत गेली. म्हातारे काठ्या टेकत आले, बायका पिठाच्या हातांनी आल्या, आणि ज्याने त्याने आपल्या झाडाला हात लावला. तुळाजी एकेका झाडाखाली थांबायचा आणि विचारायचा. उत्तर पहिल्याच हाकेला यायचं, पण तो पुन्हा पुढच्या झाडाला तसंच खणखणीत विचारायचा, एक शब्द न गाळता. एका शिरीषासाठी तर दोन भाऊ भांडले, झाड थोरल्याचं की धाकट्याचं. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे ते दोघे त्या दिवशी झाडावरून बोलले. तुळाजीचा घसा बसला, पण त्याची मान दर झाडागणिक वर येत होती. बासष्टाव्या झाडापाशी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

अखेर तो राजवाड्यासमोरच्या वडापाशी पोचला. मागे अख्खं नगर होतं. वर सज्जात राजा उभा होता. सकाळपासून त्याने सगळं पाहिलं होतं.

तुळाजीने वर बघून, बसलेल्या घशाने विचारलं, "ह्या झाडाचं कुनी हाय का?"

कुणी बोललं नाही. बोलायला शेकडो जण तयार होते. भिवराने तर तोंड उघडलंही होतं. पण नागोशेटने तिला हाताने थांबवलं. "थांब," तो हळूच म्हणाला. "हे त्यांचं त्यांना म्हणू दे. आपलं आपण म्हटलं नाही की काय होतं, ते मला ठाऊक आहे."

तुळाजीने दुसऱ्यांदा विचारलं. आणि मग तो थांबला. तिसऱ्यांदा विचारून उत्तर आलं नाही, तर त्याला हा वड तोडावा लागणार होता. रीत त्यानेच सकाळपासून उचलून धरली होती, ती आता त्याला सोडता येत नव्हती.

सज्जात उभ्या राजाला तो शेजारचा रुंद रस्ता आठवत होता. त्यावर माणसं होती, पण सगळी झपाझप चालत होती. थांबलेलं, टेकलेलं, गप्पा मारणारं एक माणूस त्याला आठवेना. आणि इथे त्याच्या रस्त्यावर प्रत्येक बुंध्यापाशी त्याची माणसं उभी होती, हातचा ओटा सोडून. ज्या रस्त्याची आपल्याला लाज वाटली, तो यांना एवढा हवा आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं.

तुळाजीने तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला, आणि राजा धावत सुटला. जिना उतरला, राजवाड्याच्या आतल्या चौकात आला. चौकात स्थपतीने आधीच नवी फरशी घातली होती आणि तिथली दोन झाडं काढली होती. राजा घाईत अनवाणी आला होता. फरशी इतकी तापलेली, की राजेसाहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत वडापर्यंत पोचले. दरबारी बखरीत हे लिहिलेलं नाही, पण लोकांनी पाहिलं होतं. वडाच्या सावलीत पाय टेकल्यावर त्याच्या तोंडून जो सुस्कारा बाहेर पडला, तो वेशीतून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या ओळखीचा होता.

"मी आहे," राजा म्हणाला.

तुळाजीने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो मटकन वडाच्या पारंबीपाशी बसला. राजा त्याच्या शेजारी बसला.

स्थपतीला बोलावून राजाने विचारलं, झाडं ठेवून रस्ता होईल का? होईल, पण सरळ होणार नाही, असं स्थपती म्हणाला. मग नको होऊ दे सरळ, असं राजाने सांगितलं. स्थपती तीन दिवस तोंड पाडून बसला. चौथ्या दिवशी त्याने दोरी उचलली, आणि एकदा उचलल्यावर मात्र तो त्या कामात हरवून गेला. कुठे रस्ता झाडाला वळसा घालून गेला, कुठे दोन झाडांच्या दोन्ही बाजूंनी वाहिला. घरं नवी आणि दुमजली झाली, पण दोन हात मागे सरली. प्रत्येक बुंध्याभोवती मुळांसाठी माती मोकळी ठेवली, आणि मातीच्या बाहेर बसायला कट्टा बांधला. ओटा कुणालाच मिळाला नाही. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचंही ऐकिवात नाही. पुढे तो स्थपती जिथे जाईल तिथे म्हणायचा, की सरळ रस्ता कुणीही काढतो, खरा रस्ता बघायचा तर त्या नगरात जाऊन बघा.

पुढच्या पाडव्याला गेरू पुरला नाही. राजाने स्वतः वडाला पट्टा ओढला, थोडा वाकडाच, आणि प्रधानाने चुन्याची बादली धरली. कडुनिंबाचा पट्टा त्या वर्षी भिवराने ओढला.

वैशाखात शेजारचा राजा आला. उघड्या माळावरून येताना त्याचे हत्ती वैतागले होते, घोडे फेसाळले होते, आणि तो स्वतः घामाने चिंब झाला होता. वेशीतून आत आल्यावर पहिल्याच घरासमोर थोडं ऊन लागलं, आणि मग सावली सुरू झाली ती राजवाड्यापर्यंत संपलीच नाही. हत्ती आपणहून संथ झाले. पाहुण्या राजाने वर पाहिलं, तर एक खार फांद्याफांद्यांवरून त्याच्याबरोबर चालली होती.

"हा रस्ता बांधायला किती दिवस लागले?" त्याने विचारलं.

"रस्त्याला एक वर्ष," राजा म्हणाला. "सावलीला दीडशे."

पाहुण्याने पुन्हा एकदा वर पाहिलं. मग म्हणाला, की वर्षभरात होईल ते सगळं माझ्याकडे आहे, हे मात्र नाही. त्या वेळी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तुळाजीची छाती किती फुगली असेल, ते तुम्हीच समजून घ्या. आणि फुगू द्यावी. तो अभिमान त्याने कमावला होता.

जाताना पाहुण्याने विचारलं, की वेशीपाशी तेवढं एक घर उन्हात का आहे, आणि तिथे जमिनीतून वर आलेल्या एका खुंटाला गेरू-चुना का लावला आहे?

तो चिंचेचा खुंट होता. नागोशेटने तो काढू दिला नव्हता. त्याच्या शेजारी चिंचेचं एक कोवळं रोप होतं, गुडघ्याएवढं, आणि नागोशेट रोज स्वतः ओढ्यावरून त्याला पाणी आणायचा. त्याची सावली आपल्याला मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी दर पाडव्याला नगरातला पहिला पट्टा त्या खुंटालाच ओढला जायचा, आणि तो ओढताना नागोशेट दरवेळी तेच दोन शब्द म्हणायचा, जे त्याला एकदा म्हणता आले नव्हते.

म्हणून लक्षात ठेवा: जे सगळ्यांचं असतं, ते तेव्हाच टिकतं, जेव्हा प्रत्येक जण त्याच्यासाठी एकट्याने "मी आहे" म्हणतो.